काळ्या मातीत न डुगडुगणारं अंगण

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी तुळशीवृंदावनासमोर एक कोटा फरशी होती. पावसाळ्यात तिच्या एका कोपऱ्यावर पाय पडला की समोरच्या सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी उडायची, आणि ती नेमकी सासूबाईंच्या धुतल्या पातळावर जायची. दरवर्षी गणपतीआधी मिस्त्री यायचा, सांध्यात सिमेंट कोंबायचा, हातोडीने चार ठोके मारायचा आणि "अब पक्का हो गया, भाभी" म्हणून पैसे घेऊन जायचा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर मी ती फरशी पहारीने उचलायला लावली. खाली दोन बोटं रेती, रेतीखाली थेट काळी माती, आणि पाऊस थांबून तीन आठवडे झाले तरी रेतीत बोटभर पाणी उभं.

माणसांच्या वजनाने फरशी खचते असं मी तोवर समजत होते. आमच्या अंगणात वजन कसलं, चार माणसं आणि एक स्कूटर! घोळ पाण्याचा होता. काळ्या मातीत खणलेला कुठलाही खड्डा हा हौद असतो. त्यात रेती भरा, गिट्टी भरा, वर कितीही भारी दगड लावा, पाण्याला बाहेर जायला वाट दिली नाही तर तो हौदच राहतो. माझ्या भावाने पुण्यात मुरमाड जमिनीवर नुसती चार इंच खडी कुटून काँक्रीटचे ब्लॉक बसवले, ते दहा वर्षं जागचे हलले नाहीत. तीच कृती त्याने मला फोनवर सांगितली होती. इंदूरला ती चालत नाही.

त्यानंतर आमचं सगळं अंगण नव्याने केलं, मग सुदामा नगरात मावशीच्या बागेतली वाट केली. दोन्ही वेळा मी सूत धरून उभी होते. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, चुकांसकट.

आधी मातीची परीक्षा

माळव्याची म्हण सगळ्यांना पाठ असते: "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर." गहू-सोयाबीनसाठी ही माती सोनं, पण दगड बसवायला डोकेदुखी. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे पाणी ओढून घेतात आणि फुगतात, वाळले की आक्रसतात. म्हणून मे महिन्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा, आणि ऑगस्टमध्ये तीच जमीन वर आलेली.

पण सगळ्या प्लॉटची माती सारखी नसते. कॉलनी पाडताना भराव टाकलेला असतो, कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठे सहा फूट खणलं तरी काळंच. म्हणून आधी एक-दोन जागी दोन फुटांचे खड्डे घ्या आणि खालची माती घरी तपासा. प्रयोगशाळेत मातीचा फुगवटा मोजायची जी पद्धत आहे, तिचाच हा घरगुती अवतार.

माती कडक उन्हात दोन दिवस वाळवा, बत्त्याने कुटा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. सारख्या आकाराच्या दोन उभट काचेच्या बाटल्या घ्या. दोन्हींत सारखीच, दोन-दोन सपाट चमचे माती टाका. एकीत पाणी ओता, दुसरीत रॉकेल. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि चोवीस तास हात लावू नका. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजा. पाण्यातला थर दीडपट किंवा त्याहून उंच झाला असेल तर खाली लिहिलेलं सगळं करा. आमच्या बाटलीत तो जवळजवळ दुप्पट होता. फरक फारसा नसेल तर तुमचं नशीब चांगलं, मुरमाचा थर निम्मा केला तरी चालेल.

काम केव्हा काढायचं

तुळशीचं लग्न झालं की. ही माझी सोपी खूण. कार्तिकात जमीन धड चिंब नसते, धड तडकलेली नसते. खालची ओल एकसारखी झालेली असते.

लोक काम मे महिन्यात काढतात, कारण मुलांना सुट्टी आणि पावसाआधी उरकायची घाई. तेव्हा जमीन पुरती आक्रसलेली असते. तुम्ही भेगांवर फरशी बसवता, जूनअखेर पाणी शिरतं, आणि जमीन तुमच्या फरशीसकट वर येते. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. मेमध्येच करायची वेळ आली तर खणलेल्या तळावर दोन-तीन दिवस हलकं पाणी शिंपत राहा, भेगा मिटू द्या, मग पुढे जा. चिखल मात्र करू नका.

खणण्याआधी: उतार आणि पाण्याची वाट

कागदावर अंगण काढा आणि पहिली रेघ फरशीची काढू नका, पाण्याची काढा. गच्चीचे पन्हाळी पाइप कुठे उतरतात? कूलरचं पाणी कुठे सांडतं? बागेला पाइप लावून पाणी घालता ते कुठल्या बाजूला? वाटेच्या एका कडेला रोज भिजणारा वाफा आणि दुसऱ्या कडेला कोरडी भिंत असेल, तर दोन कडांखालची माती दोन वेगळ्या तालावर फुगणार. मावशीकडे नेमकं हेच होतं. गुलाबाच्या वाफ्याकडची कड वर्षभरात बोटभर वर आली होती आणि सगळे त्याचा दोष मुळांना देत होते.

गच्चीचं पाणी फरशीवर सोडू नका, ते वेगळ्या पाइपने थेट पुनर्भरणाच्या खड्ड्यात किंवा पावसाळी नालीत न्या. इंदूरला वर्षाला साधारण ३५ ते ४० इंच पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की दोन हजार लिटरहून जास्त पाणी होतं. ते एका कोपऱ्यात ओतलं तर खालचा पाया कितीही चांगला असो, तिथे जमीन फुगणारच.

उतार घरापासून बाहेरच्या दिशेला, पाच फुटाला एक इंच. चार फूट रुंद वाटेला आडवा उतार म्हणजे सहा-सात सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). डोळ्यांना तो दिसत नाही, पाण्याला दिसतो.

पातळी काढायला लेव्हल पाइपच वापरा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोघांनी धरायची. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर अर्ध्या इंचाची खोट येते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय ना ते पाहा, मगच एक टोक घेऊन लांब जा. आमच्या मिस्त्रीने ही तपासणी टाळली आणि पहिल्या दिवशी ठोकलेल्या सगळ्या खुंट्या दुसऱ्या दिवशी उपटाव्या लागल्या. कोपऱ्याचा काटकोन तीन-चार-पाचने काढा: एका सुतावर तीन फूट, दुसऱ्यावर चार, आणि त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे.

जुने पाणी-ड्रेनेजचे पाइप कुठून गेलेत ते याच वेळी पाहा, गळत असतील तर आत्ताच बदला. चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणायची असतात, हे बहुतेकांना फरशी बसवून झाल्यावर आठवतं.

किती खणायचं, किती माल

आमचा हिशेब सांगते. २० फूट बाय ४ फुटांची वाट आणि १० बाय १२ फुटांची बसायची जागा, मिळून २०० चौरस फूट. थर खालून वर असे: सहा इंच मुरूम, पाच इंच गिट्टी-चुरी (खडी आणि दगडाचा भुगा), एक इंच रेती, आणि ६० मिलिमीटरचा म्हणजे अडीच इंचाला जरा कमी असा ब्लॉक. बेरीज साधारण पंधरा इंच. ऐकून मिस्त्री हसला होता, त्याच्या मते सहा इंच पुष्कळ.

२०० चौरस फूट गुणिले सव्वा फूट म्हणजे २५० घनफूट खणाई. खणलेली माती मोकळी झाली की थोडीथोडकी नाही, चांगली चौथ्या हिश्शाने फुगते, म्हणजे शंभर घनफुटांच्या ट्रॉलीने तीनहून जास्त खेपा. (शंभर घनफूट म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ब्रास म्हणतात तेवढंच.) मुरूम कुटून १०० घनफूट हवा, तर १३० मागवा. गिट्टी-चुरी कुटून ८३, तर ११० मागवा. रेती १७ घनफूट, तर २५ मागवा, सांध्यांची बारीक रेती वेगळी. ब्लॉक पाच टक्के जास्त. शिवाय हा हिशेब नुसत्या फरशीचा झाला. कडेच्या काँक्रीटसाठी सगळीकडून सहा इंच जास्त खणावं लागतं, ते धरलं की खणाई आणि खालचे थर पाचव्या हिश्शाने वाढतात. मी ते धरलं नव्हतं आणि मुरमाची एक ट्रॉली मागाहून मागवली, तिचं भाडं वेगळं पडलं.

निघालेली काळी माती टाकून देऊ नका. शेणखत आणि थोडी रेती मिसळली की वाफ्यांना उत्तम. फक्त ती परत फरशीच्या कडेला भरू नका.

खणताना तळ सपाट करायचा नाही. तळालाही वरच्या फरशीएवढाच, त्याच दिशेचा उतार द्यायचा. ही एक गोष्ट केली असती तर आमची जुनी फरशी कदाचित वाचली असती. वर उतार असतो म्हणून पाणी वाहून गेल्यासारखं दिसतं, पण सांध्यांतून झिरपलेलं पाणी खालच्या सपाट तळावर मुक्काम करतं.

तळाच्या खालच्या कडेला नालीसारखा एक फूट रुंद चर घ्या, तळाहून सहा इंच खोल. त्यात चार इंची पीव्हीसी पाइप टाका, ड्रिलने भोकं पाडलेला, भोकं खालच्या अंगाला. पाइपला शंभर फुटाला एक फूट उतार पुरे. भोवती २० मिलिमीटरची स्वच्छ गिट्टी भरा आणि हे सगळं जिओटेक्स्टाइलच्या कापडात गुंडाळा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पाइप मातीने बुजेल. पाइपचं दुसरं टोक पावसाळी नालीत. मैल्याच्या चेंबरला जोडू नका, तो तुंबला की सगळं उलट अंगणाखाली येतं. पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडणार असाल तर खड्डा काळ्या थराच्या खाली, मुरमात किंवा झिजलेल्या खडकात पोचलेला हवा आणि घराच्या पायापासून लांब. काळ्यातच संपणारा खड्डा म्हणजे आणखी एक हौद.

मुरूम: रेती का नको

तळ कुटून घेतल्यावर त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल अंथरा, जोडाला एक फूट एकावर एक. याने खालचा चिखल वरच्या थरात घुसत नाही आणि मुरूम खाली रुतत नाही, पाणी मात्र जाऊ शकतं. मिस्त्री प्लास्टिकची ताडपत्री सुचवेल. नको, ती पाणी अडवते.

मग मुरूम. काळी माती काढली तर तिथे रेतीच का भरू नये, असं मलाही वाटलं होतं, रेती तर फुगत नाही. पण रेतीच्या कणांत पोकळी असते, ती पाण्याने भरते, आणि ते पाणी सावकाश बाजूच्या व खालच्या काळ्या मातीला पाजलं जातं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात काळ्या मातीतल्या कालव्यांच्या प्रश्नावर काम करताना न फुगणाऱ्या पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा थर वापरायची पद्धत मांडली. असा थर नीट कुटला की खालच्या मातीचा फुगवटा दबून राहतो. त्यांचे थर कालव्यांसाठी होते, जवळजवळ एक मीटर जाडीचे. आपल्या अंगणाला सहा इंचांत तेवढं बळ येणार नाही, पण मालाची निवड त्याच तत्त्वाने करायची: तांबूस मुरूम, ज्यात मोठे दगड नाहीत आणि ओला करून मुठीत दाबला तर गोळा धरतो. मुठीतून पाणी निथळलं तर ओल जास्त, गोळा लगेच विस्कटला तर कमी.

तीन-तीन इंचांचे थर टाका आणि प्रत्येक थर कुटा. प्लेट कॉम्पॅक्टर (थर कुटायचं मशीन) भाड्याने मिळतो, तो आणाच. हाताच्या दुर्मुटाने कुटणार असाल तर थर दोन इंचांचा. सहा इंच एकदम टाकून वरून मशीन फिरवलं तर वरचे तीन इंच दगडासारखे होतात आणि खालचे तीन मऊच राहतात. ठेकेदाराला हे माहीत असतं, तरी तो दुपारी तुम्ही जेवायला आत गेलात की सगळं एकदम टाकतो. माझी आमटी त्या दिवशी गार झाली पण मी उठले नाही.

परीक्षा सोपी आहे. टाचेवर सगळा भार देऊन गर्रकन फिरा. खळगा पडला तर पुन्हा कुटा.

जिथे झाडाची मुळं किंवा पाइप असल्याने एवढं खोल जाताच येत नाही, तिथे वरच्या सहा इंच काळ्या मातीत वजनाच्या चार-पाच टक्के विरवलेला चुना मिसळून, ओलवून कुटण्याचा मार्ग आहे. चुन्याने मातीचा फुगण्याचा स्वभाव बराच कमी होतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि झाडाच्या बुंध्याजवळ मुळीच नको.

गिट्टी-चुरी

यावर फार बोलायची गरज नाही. एकाच मापाची गिट्टी घेऊ नका, तिच्यात पोकळ्या राहतात आणि वरची रेती त्यात गळून जाते. ४०, २० आणि १० मिलिमीटर गिट्टी आणि काळी चुरी मिसळलेली हवी. दोन थरांत टाका, ओलवा, कुटा. या थराची वरची पातळी मात्र अगदी नेमकी काढा. सूत ताणून पाहा, कुठेही तीन सुतांपेक्षा जास्त फरक नको. इथला खळगा रेतीने भरून घ्यायचा मोह होतो. रेती सगळीकडे सारख्या जाडीची असेल तरच सारखी बसते. एकीकडे एक इंच आणि दुसरीकडे तीन, तर तीनवाली जागा पहिल्या पावसाळ्यात खाली जाणार.

कड बांधल्याशिवाय एकही ब्लॉक नाही

ब्लॉकची फरशी कडेने धरलेली असते. कड सुटली की एक रांग बाहेर सरकते, मग दुसरी, आणि सांधे फाकत आतपर्यंत जातात. आपल्याकडे कडेला विटा उभ्या करून बाहेरून सिमेंटचा एक हात फिरवतात, तोही थेट काळ्या मातीवर. उन्हाळ्यात माती कडेपासून आक्रसून बाजूला होते आणि ती कड निराधार उभी राहते.

कडेचे दगड कुटलेल्या गिट्टीवरच बसवा, खाली चार इंच काँक्रीट, एकास दोनास चारचं (सिमेंट, रेती, गिट्टी). मागच्या बाजूने काँक्रीटचा तिरपा टेकू, ब्लॉकच्या निम्म्या उंचीपर्यंत. चार-पाच दिवस पाणी मारा. तोवर मिस्त्री कंटाळून दुसऱ्या कामावर जाईल. जाऊ दे.

तुळशीवृंदावन, घराची भिंत, नळाचा ओटा यांना फरशी सिमेंटने चिकटवू नका. वृंदावनाचा पाया वेगळा, तो वेगळा हलतो. मधे अर्धा इंच फट ठेवून रेती भरा. आम्ही वृंदावनाच्या कुंडीचं जास्तीचं पाणी एका लहान नळीने थेट त्या भोकांच्या पाइपवर उतरवलं. रोज सकाळचा एक तांब्या म्हणजे वर्षाला तीनशे पासष्ट तांबे एकाच जागी, हे आधी कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रेती आणि ब्लॉक

रेती नर्मदेची, जाडसर, चाळलेली. चुरी वापरू नका. स्वस्त पडते, पण तिच्यातली भुकटी पाणी धरून ठेवते आणि पावलाच्या दाबाने तीच पिचकारी होऊन वर येते.

एक इंची दोन पाइप समांतर ठेवा, मधे रेती पसरा आणि सरळ पाट्याने ओढून घ्या. पाइप अलगद उचला, त्यांच्या खाचा रेतीने भरा. या रेतीवर आता पाय ठेवायचा नाही, ती कुटायचीही नाही. मांजर फिरली तर तेवढी जागा पुन्हा ओढा. हे गमतीने म्हणत नाही, आमच्याकडे दोनदा ओढावी लागली. एका वेळी जेवढे ब्लॉक तासाभरात लागतील तेवढीच रेती ओढा.

ब्लॉक घेताना आयएस १५६५८ या भारतीय मानकाचे मागा. नुसत्या पायवाटेला त्यात ५० मिलिमीटर जाडी आणि एम-३० ताकद चालते, हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर आणि एम-३५. मी वाटेलाही ६०चेच घेते. पातळ ब्लॉकला शेजारच्याची धरून ठेवायला पुरेशी उंचीच मिळत नाही, आणि एखाद दिवशी त्यावरून विटांची हातगाडी जातेच. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहा: खणखणीत वाजले तर ठीक, भद्द आवाज आला तर परत पाठवा.

सरळ कडेपासून सुरू करा, बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे सरका. दोन ब्लॉकमध्ये दोन ते चार मिलिमीटर सांधा हवाच. एकमेकांना घट्ट भिडवले तर सांध्यात रेती जात नाही आणि कडा टवकतात. दर चौथ्या-पाचव्या रांगेला सूत लावा. वाटेला विटेसारखी सांधेमोड रचना पुरते. स्कूटर किंवा गाडी येणार असेल तर माशाच्या काट्यासारखी तिरपी रचना घ्या, ती चाकांच्या ढकलण्याला सगळ्यात चांगली पुरते. कडेला तिसऱ्या हिश्शाहून लहान तुकडा लावू नका, त्याऐवजी आधीची रांग बदलून दोन मध्यम तुकडे करा. ग्राइंडरने कापताना पाणी मारा आणि नाकावर मास्क बांधा, ती धूळ फुप्फुसात बसते.

सगळे बसले की मशीनच्या प्लेटखाली रबराची चादर लावून दोन फेऱ्या. काम अर्धवट असेल तर ब्लॉकच्या उघड्या टोकापासून तीन फूट लांब राहा. मग बारीक, अगदी कोरडी रेती झाडूने सांध्यांत भरा, पुन्हा मशीन, पुन्हा रेती, सांधे भरेपर्यंत. ओली रेती सांध्याच्या तोंडाशीच अडकते. सांध्यांत सिमेंट भरू नका. सिमेंटचा सांधा जमीन हलली की तडकतो आणि मग प्रत्येक तड पाणी आत घेते. रेतीचा सांधा थोडा हलतो आणि पुन्हा बसतो. अशा जमिनीवर तेच हवं.

आणि कोटा फरशीच लावायची असेल तर

इंदूरला कोटाशिवाय घर पूर्ण वाटत नाही, हे मान्य. पण इंचभर जाडीची, दोन बाय दोनची कोटा रेतीवर टाकली तर ती डुगडुगणारच. पातळ आणि मोठी फरशी म्हणजे पापडच, एका बाजूला दाबली की दुसरी उचलते. रेतीवर बसवायची तर दीड ते दोन इंच जाड आणि फूटभराची घ्या. पातळ असेल तर मुरूम-गिट्टीवर चार इंच काँक्रीट करून, दर आठ-दहा फुटांवर त्यात आरपार सांधा सोडून, मगच.

मसाला (सिमेंट-रेतीचा गारा) लावताना मिस्त्रीच्या हाताकडे बघा. फरशीखाली चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, असे मसाल्याचे पाच लाडू ठेवून वरून फरशी दाबायची सवय असते. लवकर होतं आणि पातळी झटकन मिळते. पण लाडवांच्या मधे पोकळी राहते, तिथे पाणी साचतं आणि टाच आपटून एखादं पाऊल पडलं की कोपरा तुटतो. पूर्ण तळाला मसाला हवा. बसवल्यावर रबरी हातोड्याने सगळीकडे ठोकून ऐका, पोकळ आवाज आला तर मसाला ओला आहे तोवरच उचला. बाहेरच्या अंगणाला पॉलिश केलेली बाजू वर नको, पावसात पाय सटकतो. आणि कोटा हा चुनखडीचा दगड आहे, डाग काढायला त्यावर ॲसिड कधीच टाकू नका, दगडच खाल्ला जातो.

पहिल्या दोन पावसाळ्यांत

काम संपल्या दिवशी मुलांचे कंचे (गोट्या) घ्या आणि फरशीवर जागोजाग सोडा. सगळे बाहेरच्या कडेला गेले पाहिजेत. एखादा मधेच थांबला किंवा घराकडे वळला तर ती जागा खडूने मार्क करा आणि पैसे द्यायच्या आत दुरुस्त करून घ्या. मग बादलीभर पाणी ओतून पाहा आणि खालच्या पाइपच्या तोंडाशी बसून राहा.

पंधरा दिवसांनी सांध्यांत पुन्हा कोरडी रेती झाडा, पहिला पावसाळा संपला की परत एकदा. मुंग्या रेती वर काढतात, ती चिमूटभर असली तरी परत घाला. सांध्यांत गवत येतं ते बहुतेक वरून पडलेल्या मातीतून, खालून नाही, म्हणून झाडलोट हाच उपाय. दाबाच्या पाण्याच्या मशीनने धुतलं तर गवताबरोबर सांध्यांची रेतीही निघून जाते. आंबा, कडुलिंब यांसारख्या झाडांच्या बुंध्याभोवती तीन-चार फूट जागा उघडी सोडा. मुळांनी फरशी उचलण्याआधी ती मातीतली ओल शोषून घेतात आणि त्या बाजूची जमीन खाली बसते.

इतकं करूनही एखादी जागा खाली जाऊ शकते. आमच्याकडे नळाच्या पाइपचा जुना चर होता, तिथली माती थरांत कुटायची राहिली आणि दुसऱ्या वर्षी तीन ब्लॉक अर्धा इंच बसले. दोन पेचकसांनी मधला ब्लॉक वर घेतला, मग बाकीचे हाताने निघाले. गिट्टीपर्यंत उकरून, गिट्टी भरून, कुटून, रेती ओढून तेच ब्लॉक परत. संध्याकाळच्या चहाआधी काम झालं आणि सिमेंटची एक चिमूटही लागली नाही.

त्यासाठी त्याच खेपेतले वीस-पंचवीस ब्लॉक टाकीमागे ठेवून द्या, पुढच्या खेपेचा रंग जुळत नाही. मी ठेवले होते. त्यातले सहा सध्या दिराच्या कूलरखाली आहेत.